आयर्लंडमधील घोडशर्यतींची मैदाने आणि प्रवासाचे नियोजन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

आयर्लंड बेटावर आज घोडशर्यतींची सुमारे पंचवीस मैदाने वापरात आहेत. बेटाचा आकार लक्षात घेता ही संख्या मोठीच म्हणावी लागेल. त्यामुळे ही मैदाने पाहण्यासाठी निघणारा प्रवासी प्रथम नकाशा उघडतो, डब्लिनपासून एक वर्तुळ आखतो आणि मार्गातील गावे क्रमाने जोडतो. मात्र असे नियोजन बहुधा फसते. कारण बहुतेक मैदानांवर वर्षातील मोजकेच दिवस शर्यती होतात आणि एरवी तेथे गवताखेरीज पाहण्यासारखे फारसे काही नसते. लेपर्ड्सटाउनचा मेळा नाताळाच्या दुसऱ्या दिवसापासून, फेअरीहाउसचा ईस्टरला, पंचस्टाउनचा एप्रिलच्या अखेरीस, गॉलवेचा जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर, तर लिस्टोवेलचा सप्टेंबरात भरतो. म्हणजे येथे नकाशापेक्षा दिनदर्शिका महत्त्वाची ठरते. ही दिनदर्शिका कोणी व कशी घडविली आणि या मैदानांवर जाण्याचा अधिकार कोणाकडे होता, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

घोडा कोणाचा?

मध्ययुगीन आयरिश साहित्यात 'एनाख' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेळ्यांतील शर्यतींचे उल्लेख येतात. किल्डेर परगण्यातील 'कराह' या विस्तीर्ण कुरणाच्या नावाचा अर्थच 'धावण्याची जागा' असा लावला जातो. सतराव्या शतकाच्या अखेरीस मात्र चित्र पालटले. १६९५ च्या कायद्याने कॅथलिक व्यक्तीला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगण्यास मनाई करण्यात आली. घोडा हे युद्धाचे साधन असल्याने ही तरतूद नि:शस्त्रीकरणाच्या कायद्यातच समाविष्ट होती. बहुसंख्य प्रजा कॅथलिक असलेल्या देशात चांगला घोडा अशा रीतीने प्रॉटेस्टंट जमीनदारवर्गाची खूण बनला.

१७५२ साली कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओकॅलघन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी बटेवंटच्या चर्चच्या मनोऱ्यापासून डोनरेलच्या मनोऱ्यापर्यंत, कुंपणे व ओढे ओलांडत, घोडे दौडविले असे परंपरा सांगते. मनोरा म्हणजे 'स्टीपल'. त्यावरूनच अडथळ्यांच्या शर्यतीला 'स्टीपलचेस' हे नाव मिळाले. ही कथा आवडीने सांगितली जाते; मात्र ज्यांच्या शेतांतून हे घोडे गेले त्यांच्याविषयी ती मौन बाळगते. १७९० साली स्थापन झालेला टर्फ क्लब हाही याच उच्चवर्गाचा होता.

या वर्गीय स्वरूपाविरुद्धचा रोष पुढे भूमी-आंदोलनात उघड झाला. १८८१-८२ च्या हिवाळ्यात लँड लीगच्या समर्थकांनी ठिकठिकाणी जमीनदारांच्या कोल्ह्यांच्या शिकारी रोखल्या. शिकारीचे संघ आणि अडथळ्यांच्या शर्यती यांचे नाते जवळचे होते; पंचस्टाउनची शर्यत तर किल्डेर हंट या शिकारसंघानेच वाढविली. तथापि केवळ एवढ्यावरून शर्यत ही परकीयांची करमणूक होती असे म्हणणे घाईचे ठरेल. हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होते.

एका राजपुत्राचा प्रवास

शर्यतीच्या निमित्ताने आखलेला सर्वांत गाजलेला प्रवास म्हणजे एप्रिल १८६८ मधील प्रिन्स ऑफ वेल्सची, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्राची, आयर्लंडभेट. आदल्याच वर्षी फेनियन क्रांतिकारकांचा उठाव झाला होता. अशा वेळी राजघराण्यातील व्यक्तीने आयरिश जनतेसमोर यावे असे शासनाला वाटत होते, आणि त्यासाठी पंचस्टाउनच्या शर्यतींचा मुहूर्त निवडला गेला. राणी व्हिक्टोरियाला हे रुचले नाही. शर्यत हेच भेटीचे कारण आहे असे दिसेल, ही तिची तक्रार होती. भेट अखेर पार पडली. डब्लिनमध्ये सेंट पॅट्रिकच्या सन्मानाची दीक्षा आणि पंचस्टाउनची शर्यत असे दोन्ही कार्यक्रम झाले. या वादाचे मर्म असे की, जनता कोठे एकत्र येते याचे उत्तर राज्यकर्त्यांनाही दरबारात नव्हे तर शर्यतीच्या मैदानावर सापडले. जमीनदारांचे घोडे पाहण्यासाठी येणारी ही गर्दी निष्ठेपोटी येत होती काय, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वत:ला विचारल्याचे दिसत नाही.

रेल्वे आणि गर्दी

ही गर्दी शक्य केली ती रेल्वेने. डब्लिनहून किल्डेरमार्गे कार्लोपर्यंतचा लोहमार्ग १८४६ साली सुरू झाला आणि कराहचे मैदान राजधानीच्या टप्प्यात आले. १८५१ मध्ये रेल्वे गॉलवेला पोहोचली. पुढे अठरा वर्षांनी, १७ ऑगस्ट १८६९ रोजी, शहराबाहेरील बॅलिब्रिट येथे पहिला दोन दिवसांचा मेळा भरला. त्या वेळी चाळीस हजार लोक जमल्याची समकालीन नोंद आहे. राहण्याची सोय अपुरी पडल्याने शहरातील आयर स्क्वेअरमध्ये लोकांनी तळ ठोकला. आज हा मेळा सात दिवसांचा झाला आहे आणि त्या आठवड्यात गॉलवेत खोली मिळविणे हेच प्रवाशापुढील मुख्य आव्हान असते.

याउलट १८८८ साली सुरू झालेले लेपर्ड्सटाउन हे शहरी मैदान होते. इंग्लंडमधील सँडाउन पार्कच्या धर्तीवर ते बंदिस्त बांधले गेले आणि डब्लिनच्या हार्कोर्ट स्ट्रीट लोहमार्गाने तेथे पोहोचता येई. तो मार्ग १९५८ च्या अखेरीस बंद झाला, मैदान मात्र टिकले. डब्लिनची इतर मैदाने इतकी भाग्यवान ठरली नाहीत. बाल्डॉइल १९७२ मध्ये आणि फिनिक्स पार्क १९९० मध्ये बंद पडले. केरीतील लिस्टोवेलला जाणाऱ्यास आता ट्रॅली स्थानकावर उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते. सुगीनंतर शेतकऱ्याच्या हाती पैसा व सवड दोन्ही असत. सप्टेंबरातील या मेळ्याचे जुने रहस्य तेच आहे.

ईस्टर सोमवार, १९१६

आयरिश ग्रँड नॅशनल ही शर्यत १८७० पासून मीथ परगण्यातील फेअरीहाउस येथे होते आणि तिचा दिवस ईस्टर सोमवार हा आहे. आपल्याकडील यात्रांप्रमाणेच ईस्टरही चांद्रगणनेवर अवलंबून असल्याने ही तारीख दरवर्षी सरकते. २४ एप्रिल १९१६ च्या सोमवारी ब्रिटिश सैन्यातील अनेक अधिकारी याच मैदानावर होते, तेव्हाच डब्लिनमध्ये मुख्य टपाल कार्यालयाचा ताबा घेऊन प्रजासत्ताकाची घोषणा करण्यात आली. बंडखोरांनी शर्यतीचा दिवस हेरून निवडला असे अनेकदा लिहिले जाते. मात्र वस्तुस्थिती वेगळी आहे. उठाव मूळ रविवारी व्हायचा होता. ओइन मॅकनील यांनी रविवारच्या हालचाली रद्द केल्याचा आदेश काढल्यानंतर नेत्यांनी तो एक दिवस पुढे ढकलला. शर्यतीचा लाभ त्यांना मिळाला, पण तो योजनेचा मूळ भाग नव्हता. त्या दिवशीची शर्यत 'ऑल सॉर्ट्स' या घोड्याने जिंकली. प्रेक्षक परतले ते बदललेल्या शहरात.

सीमेपलीकडे

पुढे देशाची फाळणी झाली, शर्यतींची मात्र झाली नाही. उत्तर आयर्लंडमधील डाउन रॉयल व डाउनपॅट्रिक ही मैदाने आजही बेटाच्या एकाच शर्यत-व्यवस्थेत मोडतात. डाउन रॉयलचा वारसा तर दुसऱ्या जेम्स राजाने १६८५ साली दिलेल्या सनदेपर्यंत जातो. प्रवाशासाठी मात्र सीमा खरी आहे. तेथे युरोऐवजी पौंड चालतो. भारतीय पारपत्रधारकास दोन राज्यांच्या व्हिसाचाही विचार करावा लागतो. ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेची नोंद असलेल्या अल्पकालीन व्हिसावर दोन्हीकडे जाता येते. म्हणून अर्ज करतानाच डाउनपॅट्रिकचा बेत निश्चित असावा हे उत्तम.

लेटाउन

नियोजनाची खरी कसोटी लेटाउन येथे लागते. मीथ परगण्यातील या समुद्रकिनाऱ्यावर १८६८ पासून शर्यती होत आल्या आहेत. अधिकृत नियमांनुसार वाळूवर होणारी ही आयर्लंडमधील एकमेव शर्यत होय. ती वर्षातून एकदाच, साधारणत: सप्टेंबरात होते. येथे कायमचे मैदान असे काही नाही. ओहोटी लागून पाणी मागे सरकले की ओल्या वाळूवर खांब रोवले जातात व दोर बांधले जातात. प्रेक्षक किनाऱ्यालगतच्या उंच शेतात उभे राहतात. पूर्वी घोडे वळण घेऊन परत येत. १९९४ मधील अपघातानंतर सुरक्षिततेसाठी वळणे काढून शर्यत सरळ रेषेत घेण्यात येऊ लागली. येथील तारीख ठरविताना आयोजक प्रथम भरती-ओहोटीचे कोष्टक पाहतात, आणि प्रवाशानेही तेच करावे. डब्लिन-बेलफास्ट मार्गावरील लेटाउन स्थानकावरून किनारा पायी गाठता येतो. शेवटची शर्यत झाली की खांब उपटले जातात आणि काही तासांत तेथे पाणी येते.