अव्यक्ताची किंमत : मान्यखेट ते पाथरी

व्यापार आणि गणित यांचे नाते फार जुने आहे. जमा आणि नावे या दोन बाजूंचा मेळ बसल्याखेरीज व्यापारी गादीवरून उठत नाही. असे असूनही व्यापारी घरांतील मुलेसुद्धा बीजगणिताचे नाव काढताच बिचकतात. अज्ञात राशीला अक्षर द्यायचे, दोन्ही बाजू समान मांडायच्या आणि त्या राशीची किंमत काढायची, ही रीत त्यांना परकी वाटते. वस्तुतः या विद्येचा एक मोठा प्रवाह आपल्याच प्रदेशातून वाहिला आहे आणि त्यातील एक मुक्काम परभणी जिल्ह्यात आहे. त्याची ओळख समाजबांधवांना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इसवी सन ८१४ ते ८७८ या काळात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याचे राज्य होते. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील आजचे मळखेड. आपला मराठवाडाही त्याच साम्राज्यात मोडत असे. त्याच्या काळात, सुमारे ८५० मध्ये, दिगंबर जैन गणिती महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथारंभी त्यांनी नृपतुंगाचा गौरव केला आहे. गणिताला ज्योतिषापासून वेगळे काढून केवळ गणितासाठी लिहिलेला हा ग्रंथ असून त्यात अकराशेच्या आसपास श्लोक आहेत.

त्यातील एक उदाहरण पाहावे. एका खांबाचा आठवा भाग जमिनीत, तिसरा भाग पाण्यात आणि चौथा भाग शेवाळात आहे. वर सात हात खांब दिसतो. तर खांब किती लांब? तिन्ही भागांची बेरीज चोविसांश सतरा होते. उरलेले चोविसांश सात म्हणजे सात हात. म्हणून खांब २४ हातांचा. येथे अज्ञात राशी एकच आहे.

दुसरे उदाहरण तर थेट बाजारातलेच आहे. नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची एकत्र किंमत १०७. सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची किंमत १०१. तर प्रत्येक फळाचा भाव काय? आचार्यांच्या नियमाप्रमाणे १०७ ला ९ ने आणि १०१ ला ७ ने गुणावे. ९६३ आणि ७०७ येतात. त्यांचे अंतर २५६. त्याला ९ आणि ७ यांच्या वर्गांच्या अंतराने, म्हणजे ३२ ने, भागले की महाळुंगाचा भाव ८ मिळतो. गुणकांची अदलाबदल केली की कवठाचा भाव ५ येतो.

हा नियम पाठ करण्यापेक्षा त्याचे कारण समजून घेणे अधिक आनंदाचे आहे. पहिली खरेदी नऊपट केली तर ८१ महाळुंगे व ६३ कवठे होतात. दुसरी सातपट केली तर ४९ महाळुंगे व ६३ कवठे होतात. कवठे दोन्हीकडे सारखीच असल्याने वजाबाकीत निघून जातात आणि ३२ महाळुंगांची किंमत २५६ उरते. आज शाळेत एकसामयिक समीकरणे सोडवताना मुले हेच करतात.

त्याच शतकात, महावीराचार्यांच्या थोडे आधी, बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी समीकरणांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील 'अल्-जब्र' या शब्दावरून 'अल्जिब्रा' हे नाव जगभर रूढ झाले. त्या शब्दाचा रोख उणी असलेली राशी भरून काढण्याकडे आहे.

ही 'उणी राशी' आपल्याकडे ऋण म्हणून ओळखली गेली. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले असून लिहिताना 'या' एवढेच अक्षर घेतले आहे. ऋण राशीच्या डोक्यावर बिंदू देत. त्यांचे एक उदाहरण असे आहे : एकाजवळ ३०० रुपये व सहा घोडे आहेत, दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण १०० रुपयांचे कर्ज आहे. दोघांची मालमत्ता समान, तर घोड्याची किंमत काय? दोघांकडून सहा-सहा घोडे काढून घ्यावेत व दोघांना शंभर-शंभर द्यावेत. एकाकडे ४०० रुपये आणि दुसऱ्याकडे चार घोडे राहतात. घोडा १०० रुपयांचा. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' असे मुलांकडून घोकून घेतले जाते, त्यामागील अर्थ इतका सरळ आहे. दोन्ही बाजूंना सारखेच दिले-घेतले तर समता मोडत नाही. ताळेबंद वाचणाऱ्यास हे निराळे सांगावे लागत नाही.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने यादव काळात चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. पुढे ही परंपरा गोदाकाठी आली. पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधिकाळी पार्थपूर येथे ज्ञानराज नावाचे विद्वान होऊन गेले. पार्थपूर म्हणजे आपली पाथरी, असे अभ्यासक मानतात. ज्ञानराजांनी 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ लिहिला आणि बीजगणितावरही रचना केली. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर 'सूर्यप्रकाश' आणि १५४१ मध्ये लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' या टीका रचल्या. पाथरीसाठी निजामशाही व इमादशाही एकमेकींशी झुंजत होत्या, तो हा काळ. अशा धामधुमीत एक तरुण पंडित अव्यक्त राशीचे नियम उलगडून सांगत होता, ही गोष्ट जिल्ह्यातील प्रत्येक शाळेत सांगितली जावी अशी आहे.

हे ग्रंथ टिकले ते नकलून ठेवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या हातांमुळे. 'गणितसारसंग्रह' १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी मद्रास येथे इंग्रजी अनुवादासह प्रकाशात आणला. १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांचा हिंदी अनुवाद प्रसिद्ध केला. 'सूर्यप्रकाश'च्या आरंभीच्या प्रकरणांची पुष्पाकुमारी जैन यांनी संपादिलेली आवृत्ती २००१ मध्ये वडोदऱ्याहून निघाली. म्हणजे पाथरीत लिहिलेली टीका छापून यायला साडेचारशेहून अधिक वर्षे लागली आणि तीही आरंभापुरतीच.

म्हणून एक नम्र विनंती आहे. आपल्या मंदिरांच्या शास्त्रभांडारांत आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर जी बाडे, पोथ्या व हिशेबाच्या वह्या असतील, त्या जाणकारांना दाखविल्याशिवाय रद्दीत घालू नयेत. आणि घरातील एखादे मूल समीकरणाशी अडले, तर त्याला महाळुंगे आणि कवठे यांचा हिशेब सांगावा. मूळ ज्यांनी मांडला, त्या महावीराचार्यांचे नावही सांगावे.