नगरची चिलखती रोल्स-रॉईस

पुण्याहून आमच्या तामलवाडीला जायचा सरळ रस्ता सोलापूरवरून. या खेपेला मुद्दाम वाट वाकडी करून नगरचं (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय पाहिलं. १९९४ साली लष्कराने सुरू केलेलं. लोक पॅटनपाशी फोटो काढत होते, मी अडकलो एका मोटारीपाशी. सिल्व्हर घोस्ट, तीही चिलखती!

खरं तर ही राजेरजवाड्यांची गाडी. सहा सिलिंडर, सात लिटरच्या वरचं इंजिन, आवाज जवळजवळ नाहीच. १९१४ साली ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने तिच्यावर पोलादी पत्रे, फिरता बुरूज आणि मशीनगन चढवली. चासीच तेवढी दणकट! (इंजिनिअरने गाडी बनवावी, पुढे तिचं काय होईल ते त्याच्या हातात नसतं.)

भारतात घोडदळाचे घोडे जायला मात्र १९३८ उजाडलं. सिंद हॉर्स आणि १३ लान्सर्स, दोघांना एकदमच गाड्या मिळाल्या. १९४७ साली वाटणी झाली. सिंद हॉर्स इकडे राहिली, १३ लान्सर्स पाकिस्तानात गेली. डिसेंबर १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत तीच १३ लान्सर्स पॅटन घेऊन आपल्या पूना हॉर्सवर चालून आली. त्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पडले. वय २१.

मग मीही पॅटनपाशी गेलो. फोटो नाही काढला.