दश्शी-दुर्री आणि लांबचा हिशेब

लास व्हेगासच्या 'हॉर्सशू' कसिनोत १९७६ साली पोकरच्या जागतिक मालिकेचा मुख्य सामना झाला, तेव्हा दहा हजार डॉलर भरून बसलेले खेळाडू होते फक्त २२. शेवटच्या डावात टेक्ससच्या डॉयल ब्रन्सनच्या हातात दश्शी-दुर्री, जेसी आल्टोच्या हातात एक्का-गुलाम. टेबलावर एक्का, गुलाम आणि दश्शी उघडली, मग दुर्री. दोघांच्याही दोन-दोन जोड्या झाल्या, पण आल्टोच्या वरचढ. उरलेल्या ४४ पानांपैकी ब्रन्सनला तारणारी चारच, म्हणजे अकरात एक. पाचवं पान दश्शी निघालं! पुढच्या वर्षी ३४ जणांत तो पुन्हा जिंकला, आणि शेवटचा डाव पुन्हा दश्शी-दुर्रीवरच.

यावरून त्याला कोणी नशीबवान म्हणतं, कोणी महान. माझ्या मते हे दोन डाव दोन्ही दाव्यांसाठी निरुपयोगी आहेत.

मोठ्या संख्येचा नियम सिद्ध करणारं याकोब बर्नुलीचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये, प्रसिद्ध झालं. प्रयोग वाढवत गेलं की दिसणारं प्रमाण खऱ्या प्रमाणाजवळ येतं, हे झालं तत्त्व. पण किती प्रयोग? पांढरे आणि काळे खडे तीनास दोन प्रमाणात असले, तर पुरेशी खात्री व्हायला त्याच्या हिशेबाने २५,५५० वेळा खडा काढावा लागत होता. आजच्या रीतीने आकडा बराच कमी येतो, तरी हजारांतच.

पोकरच्या स्पर्धेत हे आणखी अवघड, कारण जवळजवळ सगळे हरतात. समजा हजार जणांची स्पर्धा आहे आणि एखादा खेळाडू सरासरीच्या दुप्पट चांगला आहे. जिंकण्याची शक्यता पाचशेत एक. दरवर्षी एक याप्रमाणे पन्नास वर्षं खेळला, तरी एकदा तरी जिंकण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आतच. (आणि आपण एका दिवाळीतल्या तीन पत्तीवरून भावोजींना पट्टीचे खेळाडू ठरवतो!)

म्हणून २००३ चा निकाल पाहताना मी विजेत्याकडे पाहत नाही. त्या वर्षी ८३९ खेळाडूंत ख्रिस मनीमेकर जिंकला. इंटरनेटवरच्या ८६ डॉलरच्या स्पर्धेतून आलेला अकाउंटंट. नंतर पोकरची लाट उसळली, ती त्याच्या नावावर. तिसरा आला डॅन हॅरिंग्टन. पुढच्या वर्षी खेळाडू २,५७६, आणि हॅरिंग्टन चौथा. २००३ च्या शेवटच्या नऊ जणांपैकी कोणीतरी निव्वळ नशिबाने पुन्हा शेवटच्या नवांत येण्याची शक्यता साधारण तीन टक्के. दुर्मीळ, पण अशक्य नाही. एवढ्यावर मी थांबलो असतो, तर संशयाचा फायदा नशिबाला दिला असता.

पण हाच माणूस १९८७ मध्ये १५२ जणांत सहावा आला होता आणि १९९५ मध्ये २७३ जणांत पहिला. जिंकलेल्या पैशांच्या जाहीर याद्यांत हरलेल्या प्रवेश फीचा हिशेब नसतो, त्यामुळे त्या मला फसव्या वाटतात. इथे मात्र ती पळवाट बंद आहे: मुख्य सामना वर्षातून एकदाच होतो, म्हणजे १९८७ ते २००४ मध्ये जास्तीत जास्त १८. ते सगळे तो खेळला असं धरलं, तरी केवळ पानांच्या मर्जीवर पहिल्या सहांत एकदा पोचण्याची शक्यताही निम्म्याहून कमी भरते. तो चार वेळा पोचला.