दौलतीचा फेरा

मे 2025 मध्ये अंधेरी पूर्वेला, विमानतळाच्या परिसरात, आमदार मुरजी पटेल यांच्या पुढाकाराने शिवसेनेने आंदोलन केले. रोख होता विमानतळावर सामानाची चढउतार आणि विमानांची जमिनीवरची देखभाल पाहणाऱ्या एका तुर्की कंपनीवर. पाकिस्तानने भारतावर सोडलेले ड्रोन तुर्की बनावटीचे असल्याचे प्राथमिक तपासात दिसते, असे भारताने 9 मे रोजी सांगितले होते. 15 मे रोजी केंद्राने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन कंपनीची सुरक्षा मंजुरी काढून घेतली, आणि त्याच सुमारास पवईच्या आयआयटीने तुर्की विद्यापीठांशी केलेले करार स्थगित केले. मराठी बातम्यांत कंपनीचे नाव बहुधा 'सेलेबी' असे छापले गेले. तुर्की लिपीत 'सी' या रोमन अक्षराला खाली शेपटी जोडली की त्याचा 'च' होतो. म्हणून खरा उच्चार 'चेलेबी'. उस्मानी काळात शिकलेल्या, सभ्य गृहस्थाच्या नावाला हा किताब लागे. सतराव्या शतकात दहा खंडांचे प्रवासवर्णन लिहिणारा एव्लिया चेलेबी त्यातलाच.

तुर्कस्तानने 1928 साली अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. त्यामुळे तिथल्या बातम्यांत आपल्याच ओळखीचे किती शब्द वावरतात हे आपल्या लक्षात येत नाही. सत्ताधारी पक्षाचे नाव 'अदालेत व्हे काल्कन्मा पार्तिसी', म्हणजे न्याय व विकास पक्ष. 'अदालेत' ही आपली अदालत. त्यांच्याकडे तो न्याय राहिला, आपल्याकडे न्याय मिळायची जागा झाली. कंपनी सरकारच्या सदर अदालतीपासून आजच्या लोकअदालतीपर्यंत. आणि मधला 'व्हे' म्हणजे मराठीतला 'व'. हे उभयान्वयी अव्यय आपल्याकडे अरबी-फारसीतूनच आले, आणि पक्षाच्या नावाचे भाषांतर करताना आपण नकळत तोच शब्द परत वापरतो.

19 मार्च 2025 रोजी इस्तंबूलचे विरोधी पक्षाचे महापौर एक्रेम इमामोग्लू यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. आदल्याच दिवशी विद्यापीठाने त्यांची पदवी रद्द केली होती, आणि पदवीशिवाय तिथे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नाही. हजारो लोक महापालिकेसमोर साराचहाने चौकात जमले. 'साराच' म्हणजे खोगीर करणारा आणि 'हाने' म्हणजे आपला खाना, कारखान्यातला आणि तोफखान्यातला. विरोधकांची घोषणा जुनीच होती: 'हाक, हुकुक, अदालेत'. हक्क, कायदा, न्याय. 'हुकुक' हे मुळात 'हक'चेच अनेकवचन. अनेक हक्क एकत्र आले की त्याला कायदा म्हणायचे, ही मला फार सुंदर कल्पना वाटते. 2017 साली विरोधी नेते केमाल किलिचदारोग्लू अंकाऱ्याहून इस्तंबूलपर्यंत पायी चालत गेले, तेही 'अदालेत' एवढाच शब्द लिहिलेला फलक हाती धरून. सत्ताधारी पक्षाच्या नावातला पहिलाच शब्द विरोधकांनी मागावा, यापेक्षा त्या देशाच्या अंतर्गत राजकारणाचे नेमके वर्णन मला करता येणार नाही.

पण सगळ्यांत खोल जातो तो 'देव्हलेत'. हीच आपली दौलत. अरबी धातूचा अर्थ फिरणे, पाळी येणे. नशिबाचे चाक फिरले आणि पाळी आपल्याकडे आली, ती दौलत. मग ज्या घराण्याकडे पाळी आली त्याचे राज्य, तीही दौलत. मराठीत हा अर्थ शतकानुशतके जिवंत होता. महंमद तुघलक या तुर्क वंशाच्या सुलतानाने देवगिरीला राजधानी नेली आणि तिला दौलताबाद म्हटले, तेव्हा त्या नावात भाग्य आणि राज्य दोन्ही होते. मराठ्यांच्या कागदपत्रांत दौलतीचा बंदोबस्त म्हणजे राज्याचा बंदोबस्त. 1818 साली राज्य गेले आणि शब्दाच्या हाती फक्त पैसा उरला. तमाशातली दौलतजादा हे त्याचे शेवटचे रूप. एका शब्दाच्या अर्थात 1818 इतके स्पष्ट उमटलेले दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

तुर्कांचे साम्राज्यही गेले, पण 1923 च्या प्रजासत्ताकाने 'देव्हलेत' सांभाळून ठेवला. 1932 पासून भाषाशुद्धीची संस्था अरबी-फारसी शब्द वेचून काढत होती. आपल्याकडे राज्यव्यवहारकोशाने आणि पुढे सावरकरांनी जे केले त्याहून ते काम कितीतरी मोठे होते, कारण त्यामागे सरकार उभे होते. परराष्ट्र खात्याचे 'हारिजिये' हे नाव गेले. त्यातला 'हारिज' म्हणजे बाहेरचा, आणि आपल्याकडे दावा 'खारीज' होतो तो याच शब्दाने. 'देव्हलेत' मात्र हलला नाही. सरकारे येतात, जातात; देव्हलेत त्यांच्या वर असतो, कधी त्यांच्या पाठीमागे. 1996 साली सुसुर्लुक गावाजवळ एका मोटार अपघातात एक बडा पोलीस अधिकारी आणि फरारी मारेकरी एकाच गाडीत मेलेले सापडले. सोबतचा खासदार वाचला. त्यानंतर 'देरिन देव्हलेत', खोल राज्य, हा शब्द घरोघरी गेला. इंग्रजीतले 'डीप स्टेट' हे याच तुर्की शब्दाचे भाषांतर. आज मराठी वाहिन्यांवर 'डीप स्टेट' ऐकू येतो तेव्हा आपलीच जुनी दौलत दोन भाषांचा वळसा घालून घरी आलेली असते.

राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या आघाडीतल्या राष्ट्रवादी पक्षाच्या नेत्याचे नावही देव्हलेत: देव्हलेत बाह्चेली. 'बाह्चे' म्हणजे बगीचा. ऑक्टोबर 2024 मध्ये याच कडव्या नेत्याने, कैदेतल्या कुर्द बंडखोर नेत्याला, ओजालानला, संसदेत येऊन आपली संघटना विसर्जित झाल्याचे जाहीर करू द्यावे, असे सुचवले. 12 मे 2025 रोजी त्या संघटनेने खरोखरच विसर्जन जाहीर केले. अंधेरीत घोषणा चालू होत्या तो हाच आठवडा. 16 तारखेला रशिया आणि युक्रेनचे प्रतिनिधी इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे महालात समोरासमोर बसले. दोल्माबाह्चे म्हणजे भरावावरची बाग. खाडी बुजवून केलेली जमीन. मुंबईकराला हे नाव वेगळे समजावून सांगायला नको.

जुन्या मराठीत एक जोडशब्द होता, 'रूमशाम'. रूम म्हणजे उस्मानी मुलूख, शाम म्हणजे सीरिया. 1516 पासून पहिले महायुद्ध संपेपर्यंत शाम रूमच्या ताब्यात होता, म्हणून जोडशब्द चपखल होता. 8 डिसेंबर 2024 रोजी दमास्कसमधली असद राजवट कोसळली आणि तुर्कस्तानचे वजन तिथे एकदम वाढले. लाखो सीरियन निर्वासितांचे मायदेशी परतणे हा तुर्कस्तानच्या परराष्ट्र धोरणाइतकाच घरच्या निवडणुकीचाही प्रश्न आहे. 'रूमशाम' हा शब्द या दोन्ही गोष्टी एकत्र धरतो. तो पुन्हा वापरात यावा असे मला मनापासून वाटते.

तुर्की ड्रोनच्या नावातही असाच ओळखीचा शब्द आहे. 'बायराक' म्हणजे निशाण, तो पेशवाईतल्या कागदांत 'बैरख' होऊन येतो. 'बायराक्तार' म्हणजे निशाण धरणारा. त्या नावाचे ड्रोन युक्रेनपासून पाकिस्तानपर्यंत गेले. ते घडवणारे सेल्चुक बायराक्तार एर्दोआन यांचे जावई आहेत.

फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात भारताने मदत पाठवली तिचे नाव 'ऑपरेशन दोस्त'. शब्द फारसी, पण तुर्कीतही तो जसाच्या तसा आहे. दिल्लीतल्या तुर्की राजदूतांनी तेव्हा आपली म्हण सांगितली होती: खरा दोस्त काळ्या दिवशी कळतो. सव्वादोन वर्षांनी, अंधेरीतल्या आंदोलनाच्याच दिवसांत, एर्दोआन यांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानांना उद्देशून 'कार्देश', भाऊ, हा शब्द वापरला. 'कार्देश'चे जुने रूप 'कारिंदाश', आणि 'कारिन' म्हणजे पोट: एकाच उदरातून आलेला, सहोदर. अंकाऱ्याच्या भाषेत दोस्त आणि सहोदर यांच्यातले अंतर इतके आहे, आणि मे 2025 मध्ये दिल्लीला ते मोजावे लागले.