बाकड्यावरचा हिवाळा

अमेरिकन फुटबॉल पाहायला हजारो माणसं उणे वीस अंशांत उघड्या मैदानावर तीन-तीन तास का बसतात, याचा माग काढत गेलं की सुरुवात एका साध्या वेळापत्रकापाशी होते. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये सामना झाला. अमेरिकन फुटबॉलचा पहिला सामना म्हणून आज त्याचंच नाव घेतलं जातं. कॉलेजं शरद ऋतूत भरायची आणि उन्हाळा बेसबॉलचा, म्हणून फुटबॉलच्या वाट्याला पानगळीचे महिने आले. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमारास मोसम आटोपायचा. प्रेक्षकाला लोकरीचा कोट आणि मफलर पुरायचा.

थंडी खऱ्या अर्थाने आत शिरली ती व्यावसायिक खेळाबरोबर. १९२० साली ओहायोतल्या कँटन गावी जी लीग जन्मली, तिचीच पुढे एनएफएल झाली. शनिवार कॉलेजांचा, म्हणून हिला रविवार. मैदानं बहुतेक बेसबॉलवाल्यांची उसनी. मोसम डिसेंबरात सरकला आणि हवामानापुढे माघार घ्यावी लागली. १८ डिसेंबर १९३२ रोजी शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स यांची निर्णायक लढत बर्फ आणि कडाक्याची थंडी पाहून छताखाली, शिकागो स्टेडियममध्ये हलवली गेली. तिथे नुकतीच सर्कस होऊन गेली होती आणि तिची माती तशीच पसरलेली होती. शंभर यार्डांचं मैदान बसेना, म्हणून ऐंशी यार्डांचं आखलं. बेअर्सनी सामना ९-० असा जिंकला. त्या संध्याकाळी लोकांना ऊब मिळाली. पण बंदिस्त जागेत हा खेळ आखडतो, हेही सगळ्यांनी पाहिलं. पुढची कित्येक दशकं छताचं नाव कुणी फारसं काढलं नाही.

मोसम मात्र वाढतच गेला. १९६१ मध्ये एनएफएलमधला प्रत्येक संघ चौदा सामने खेळू लागला, १९७८ मध्ये सोळा, २०२१ पासून सतरा. त्यानंतर बाद फेऱ्या. दूरचित्रवाणीला सामने हवे होते आणि मालकांना दूरचित्रवाणीचे पैसे. माझ्या मते थंडीतल्या सामन्याचं मूळ शोधायचं ते इथेच. ‘आमच्या मातीतली परंपरा’ म्हणून जे मिरवलं जातं, ते बऱ्याच अंशी कॅलेंडर ताणल्याचं फळ आहे. जानेवारीत बाकड्यावर बसायचं हे प्रेक्षकाने ठरवलं नव्हतं. त्याने ते निभावलं, आणि निभावता निभावता त्यातून स्वतःचं एक शास्त्र उभं केलं.

या शास्त्राची राजधानी विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे. जेमतेम लाखभर वस्तीचं गाव; पण १९१९ मध्ये मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीच्या पैशांवर उभा राहिलेला पॅकर्स संघ १९२३ पासून सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. १९५७ साली बांधलेलं त्यांचं मैदान, आजचं लॅम्बो फील्ड, जमीन खोदून वाडग्यासारखं केलेलं आहे. बसायला बहुतेक ठिकाणी पाठ नसलेली लांब बाकडी. मोसमभराची तिकिटं १९६० पासून दर वर्षी संपतात आणि प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावं आहेत. सामन्याआधी मोठा बर्फ पडला की संघ आवाहन करतो आणि गावातली माणसं फावडी घेऊन तासाच्या मजुरीवर बाकडी मोकळी करायला येतात.

इथेच ३१ डिसेंबर १९६७ रोजी डॅलस काउबॉइजविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला, तो ‘आइस बोल’. आदल्या दिवशी हवा बरी होती. रात्रीतून थंडीची लाट आली आणि सामना सुरू होताना पारा उणे २५ सेल्सियसवर होता. घरच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा उणे अठराच्या आसपास असतो, त्याहून हे थंड. पॅकर्सचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी त्याच वर्षी मैदानाखाली विजेच्या तारांचं जाळं घालून घेतलं होतं. वर अंथरलेल्या ताडपत्रीखाली ओल साचली आणि ताडपत्री काढताच ती ओलच गोठून मैदान काचेसारखं झालं. एका पंचाची शिट्टी ओठांना चिकटली. ती ओढून काढताना कातडी निघाली. मग पंचांनी शिट्ट्या बाजूला ठेवल्या आणि ओरडून खेळ चालवला. मध्यंतरात वाजवायला आलेल्या ला क्रॉसच्या विद्यार्थ्यांच्या बँडची वाद्यं गोठली, काही मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. शेवटची सोळा सेकंदं उरली असताना पॅकर्सचा बार्ट स्टार चेंडू घेऊन स्वतःच घुसला आणि पॅकर्स २१-१७ ने जिंकले.

ही कथा अमेरिकेत हजारदा सांगितली जाते, बहुतेक वेळा स्टारच्या त्या मुसंडीसाठी. मला ओढ वाटते ती गॅलरीतल्या ५०,८६१ जणांची. खेळाडू निदान धावत होते. ही माणसं बसून होती. त्यांतल्या एका वृद्ध प्रेक्षकाचा थंडीने मृत्यू झाला. बाकीचे टिकले, कारण बसून थंडी काढण्याचं ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतं आणि ते फुटबॉलकडून आलेलं नव्हतं. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम असतो. शिकारी झाडावरच्या मचाणावर तासन् तास हालचाल न करता बसतो. प्रेक्षकापुढचा प्रश्न नेमका तोच आहे. म्हणून लॅम्बोच्या गर्दीत शिकारीचे भडक नारिंगी पोशाख इतके दिसतात.

या मंडळींचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पायाखाली पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा हवाच, कारण ऊब हवेत जाते त्याहून वेगाने बुटाच्या तळातून काँक्रीटमध्ये उतरते. दोन जोड मोजे घालून बूट घट्ट होणार असतील, तर एकच जोड बरा. रक्त अडलं की बोटं आधी गारठतात. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारा मोजा चांगला. अंगाला लागून सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो. दारूने अंगात ऊब आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली उष्णता बाहेर पडते. हा शेवटचा नियम सर्वांना पाठ आहे आणि सर्वांत जास्त मोडला जातो. खिशात ठेवायच्या गरम पुड्या या यादीत उशिरा आल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्या जपानच्या बाजारात पसरल्या. आतल्या लोखंडाच्या भुकटीला हवा लागली की ती गंजते आणि त्या गंजण्यातून उष्णता निघते.

थंडी मोजायची पट्टीसुद्धा या गोष्टीत आहे. १९४१ मध्ये अंटार्क्टिकावर पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल यांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते टिपलं. ‘विंड चिल’ म्हणजे वाऱ्यासकट जाणवणारी थंडी त्यातून निघाली. नळकांडं म्हणजे काही माणसाचा चेहरा नव्हे. म्हणून २००१ मध्ये स्वयंसेवकांवर चाचण्या करून अमेरिका आणि कॅनडाने सूत्र बदललं. आइस बोलची जुनी उणे ४४ आता उणे ३८ भरते. जुन्या प्रेक्षकांना हे आवडलेलं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. आकडा बदलला म्हणून त्यांनी सोसलेलं काही कमी झालं नाही.

छतं पुढे आलीच. मिनेसोटा व्हायकिंग्जचे प्रशिक्षक बड ग्रँट मैदानाकडेला शेगड्या ठेवू देत नसत. तोच संघ १९८२ मध्ये छताखाली गेला. पुढे नवं स्टेडियम बांधून होईपर्यंत तो दोन मोसम पुन्हा उघड्यावर खेळला आणि १० जानेवारी २०१६ रोजी उणे २१ अंशांत सिएटलकडून १०-९ असा हरला. त्याच वर्षी नवं स्टेडियम उघडलं, तेही बंदिस्त.

आणि १३ जानेवारी २०२४. कॅन्सस सिटीत चीफ्स विरुद्ध मायामी, पारा उणे २०, वाऱ्यासकट उणे ३३, आणि सामना संध्याकाळी सात वाजता, सूर्य मावळल्यावर. चीफ्सच्या पॅट्रिक महोम्सच्या हेल्मेटचा तुकडा एका धडकेत उडाला आणि ते दृश्य जगभर दाखवलं गेलं. प्रेक्षकांचं काय झालं ते मार्चमध्ये कळलं. तिथल्या एका रुग्णालयाने सांगितलं की, हिमदंशामुळे बोटं कापावी लागलेल्यांत त्या रात्री स्टेडियममध्ये बसलेले काही जण होते. त्याच आठवड्यात बफेलोचा सामना हिमवादळामुळे रविवारचा सोमवारवर ढकलला होता, म्हणजे तारीख हलवता येते. बर्फाने रस्ते बंद झाले की लीग थांबते. निव्वळ थंडीसाठी मात्र अमुक अंशांखाली खेळ नाही, अशी रेघ तिने अजून आखलेली नाही. ती आखायला हवी, आणि तोवर जानेवारीतला सामना निदान दुपारी ठेवायला हवा.