युद्धानें दिलेली दलदल

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यांत, मिन्स्मियर नांवाचें पक्ष्यांचें एक राखीव क्षेत्र आहे. वसंतऋतूंत तेथें लांकडी आडोशांतून दुर्बिणी लावून माणसें तासन् तास चिखलाकडे पाहत बसतात. बहुतेकांना पाहावयाचा असतो तो उचाट्या. अंग काळें-पांढरें, पाय निळसर, आणि चोंच जोडे शिवण्याच्या आरीसारखी वर वळलेली. तेथील जुने लोक त्याला ह्या आरीचेंच नांव देत. आपल्या ठाण्याच्या खाडीवरहि हा पक्षी हिवाळ्यांत उतरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमधून त्याची वीण नाहींशी झाली. दलदली आटवून कुरणें केलीं गेलीं. अंडीं पुडिंगांत गेलीं, पिसें गळाचीं आमिषें करण्यांत खपलीं. उरलेसुरले पक्षी हौशी संग्राहकांनीं टिपले.

मग १९४० सालीं जर्मन स्वारीचें भय ओढवलें. शत्रूला वाट मिळूं नये म्हणून मिन्स्मियरच्या कुरणांत मुद्दाम पाणी भरण्यांत आलें. गुरांच्या चराईचें पुन्हा उथळ तळें झालें, आणि १९४७ च्या वसंतांत तेथें उचाट्यांच्या चार जोड्या घरटीं करून बसल्या. त्याच सालीं जवळच्या हॅव्हरगेट बेटावरहि त्यांची वीण सांपडली. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स ह्या संस्थेनें ही वार्ता इतकी गुप्त राखली कीं, बेटाचा उल्लेख ‘झेब्रा बेट’ अशा सांकेतिक नांवानें होई. अंडीं चोरणारे त्या काळीं थोडे नव्हते, आणि त्यांतले कित्येक स्वतःस पक्षिमित्र म्हणवीत!

ही गोष्ट सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. पण मिन्स्मियरवर ती वस्ती टिकली नाहीं. युद्धानंतर पाणी उतरलें, बोरू माजला, पक्षी निघून गेले. हॅव्हरगेटवर मात्र ते तगले. निसर्गाला मोकळें सोडलें कीं तो आपलें पाहून घेतो, ही समजूत मला ह्या ठिकाणीं तरी फोल वाटते. १९५९ सालीं बर्ट ॲक्सेल हे तेथें राखणदार होऊन आले. १९६२ पासून त्यांनीं जमिनीचा वरचा थर खरवडवून उथळ पाणथळ केली व तींत गोट्यांचीं लहान लहान बेटें रचलीं. कोंकणांतील खारबंदिस्तीला उघाडी असते, तशा दारांनीं पाणी हवें तितकेंच आंत घेतां येऊं लागलें. १९६३ सालीं उचाट्या तेथें पुन्हा अंड्यांवर बसला. त्या जागेस आजहि ‘स्क्रेप’, म्हणजे खरवड, असेंच म्हणतात.

आतां ब्रिटनमध्यें ह्या पक्ष्याच्या हजारांहून अधिक जोड्या वीण करतात. मिन्स्मियरवर मात्र वीण आटोपली कीं बेटांवर माजलेलें गवत माणसांना हातांनीं काढावें लागतें. नाहीं तर पुढच्या वसंतांत उचाट्याला बसावयास जागा राहत नाहीं.