१५ की ४७?

२०१४ साली नेदरलँड्समध्ये साठी-सत्तरीतल्या लोकांच्या घरी टपालाने एक पाकीट यायला लागलं. आत एक छोटी नळी. शौचाचा किंचित नमुना त्यात घ्यायचा आणि पाकीट परत टपालात टाकायचं. नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का, हे प्रयोगशाळा बघणार. एका ग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिनची रेषा ओलांडली, की कोलोनोस्कोपीचं बोलावणं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर वेळेत पकडण्यासाठीची ही सरकारी मोहीम.

त्याच वर्षाच्या मध्यावर ही रेषा १५ वरून ४७ वर नेली गेली.

म्हणजे समजा, मार्चमध्ये एकाच्या नमुन्यात ३० निघाले, तर त्याला तपासणीला बोलावलं. सप्टेंबरमध्ये दुसऱ्याच्या नमुन्यात तेवढेच निघाले, तर त्याची पुढची पाळी थेट दोन वर्षांनी. सहा महिन्यांत माणसाचं आतडं बदललं नव्हतं. मग काय बदललं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. मोठ्या आतड्यातला कॅन्सर बहुतेकदा पॉलिपपासून, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या छोट्या कोंबापासून सुरू होतो आणि त्याला अनेक वर्षं लागतात. आतड्यात खोलवरचा कोंब काढायचा तर पूर्वी पोट फाडावं लागे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास सरकवून तो कापायला सुरुवात केली. कॅन्सर व्हायच्या आतच त्याची वाट बंद करता येऊ लागली.

मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या टीव्ही निवेदिका केटी कुरिक यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी प्रेक्षकांना दाखवली. त्यांचे पती ४२ व्या वर्षी याच आजाराने गेले होते. त्यानंतर तिथे ही तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढल्याचं संशोधकांनी नोंदवलं. २००१ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विम्यातून, कॅन्सरचा खास धोका नसलेल्यांनाही ती मिळू लागली.

पण सगळ्यांचीच कोलोनोस्कोपी करायची तर करणार कोण? दुर्बीण विकत आणता येते, ती चालवणारा हात घडवायला वर्षं लागतात. ब्रिटनने हे मोहिमेआधीच तपासून पाहिलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कडक निकष लावल्यावर दिसलं, की जेमतेम ५७ टक्के तपासण्यांत दुर्बीण मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत होती. मग डॉक्टरांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू झाल्या. २००६ मध्ये इंग्लंडची मोहीम सुरू झाली, तीही आधी शौचाचा नमुना आणि मगच दुर्बीण, या क्रमाने.

नमुना म्हणजे गाळणी. गाळणीची जाळी किती बारीक ठेवायची, हे ठरवतो तो आकडा. नेदरलँड्सचा अंदाज होता, की नमुना पाठवणाऱ्या शंभरातले सहा-सात जण रेषेपलीकडे निघतील. निघाले दहाहून जास्त. शिवाय अपेक्षेपेक्षा जास्त लोकांनी नमुने पाठवले. त्यातच दुर्बीण घातल्यावर काहीच गंभीर न सापडणाऱ्यांचं प्रमाणही धरलेल्यापेक्षा मोठं होतं. कोलोनोस्कोपीची रांग लांबली आणि रेषा वर सरकली.

हा निर्णय चुकीचा होता असं म्हणणं सोपं आहे. पण ज्याच्या नमुन्यात खूप रक्त आहे, त्याला कॅन्सरची शक्यता जास्त. तोच रांगेत महिनोन्‌महिने अडकला तर मोहिमेचा उपयोग काय? रेषा उचलल्यावर काही निष्कारण तपासण्या टळल्या. काही कोंब मात्र पुढच्या पाळीपर्यंत आतच राहिले.

स्कॉटलंडने २०१७ मध्ये ८० ची रेषा निवडली. इंग्लंडने २०१९ मध्ये १२० ची, कारण तेवढ्याच कोलोनोस्कोप्या पेलवणार होत्या. तेव्हा ज्याच्या नमुन्यात १०० निघाले, त्याला एडिंबरामध्ये बोलावणं आलं असतं, लंडनमध्ये नाही.

रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ आपण शरीराबद्दलचं वाक्य म्हणून वाचतो. या आकड्यांच्या इतिहासात त्याचा अर्धा भाग दुर्बीण चालवणाऱ्यांच्या संख्येबद्दल आहे. ते हात वाढले, तरच रेषा खाली येऊ शकते.